घरचा एक

हॅलो?… हां वहिनी, बोल… अगं ऐकू येतंय मला, तू बोल ना… नाही, गाडीत नाहीये, रांगेत आहे… रांगेत गं! सँडविचच्या… हो, तिथेच, फूड हॉलमध्ये. बाबांच्या काउंटरवर.

ओरडू नकोस… मी सांगून निघाले होते. दादाला सांगितलं होतं… मग दादाने तुला सांगितलं नाही, तर तो तुमचा नवरा-बायकोचा प्रश्न झाला, मला का फाडून खातेस?

बरं, सॉरी. सॉरी म्हटलं ना… हो, आज शेवटचा दिवस, गाडी दीडला आहे, सगळं माहितीये मला. म्हणून तर आले इथे. तासाभरात परत येते.

तुला सांगते, काय रांग आहे! मधल्या खांबाला वळसा घालून पार ज्यूसवाल्यापर्यंत. आणि लोक उभ्या उभ्या फोटो काढतायत. सँडविचचे! बाबा होते तेव्हा इथे पत्र्याखाली मोजून तीन काउंटर होते, आता नुसती झगमग. पण वास तोच आहे गं. लोण्याचा आणि करपलेल्या ब्रेडचा. दारातून आत आले आणि पायच थबकले माझे.

अहो, रांग इकडून आहे… हो, मीपण रांगेतच आहे, फोनवर बोलतेय म्हणून काय झालं?… वहिनी, तुला नाही, एक गृहस्थ मधेच घुसत होते. गेले मागे, तोंड एवढंसं करून.

हां, बोल. कसे आहेत?… काहीच नाही? चहापण नाही?… म्हणजे काल दुपारपासून पोटात काही नाहीच म्हण की… माझ्या हातचं कुठे खाल्लं? मी चमचा पुढे केला तर म्हणाले, "तुम्ही राहू द्या बाई, आमची सूनबाई येईल." मग तू आलीस तेव्हा दोन घास गेले… तुझ्यासमोर काही बोलले नाही मी. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

नाही गं, तुझ्यावर कशाला रागवू? तू नसतीस तर काय झालं असतं त्यांचं… पण वाटतंच ना. तुला सूनबाई म्हणतात, दादाला हाक मारतात, कोपऱ्यावरच्या औषधवाल्यालासुद्धा ओळखतात. आणि मी पोटची पोर, मला "बाई". काल काय विचारलं माहितीये? "तुम्ही कुणाकडे आलात?" मी ज्या पलंगावर गोवर काढला त्या पलंगावर बसले होते, वहिनी. आणि कुणाकडे आलात.

हो, फोटो दाखवला ना. माझ्या लग्नातला. म्हणाले, "नवरी छान आहे हो." आणि उलटा करून टेबलावर ठेवला. बशी ठेवावी तसा.

अडीच वर्षं. हो, आले नाही अडीच वर्षं. मोजू नकोस, तोंडपाठ आहेत मला… पुढच्या सुट्टीत येते, पुढच्या सुट्टीत येते… मेली ती पुढची सुट्टी!… तू नाही म्हणालीस, मीच म्हणतेय. आधी आले असते तर तेव्हा ओळखलं असतं का गं?… खरं सांग… मग फोनवर सांगायचं नाही का मला, की विसरायला लागलेत म्हणून?… हं. सांगितलं होतंस. दोनदा सांगितलं होतंस. मला वाटलं, म्हातारपण आहे, चष्मा विसरतात तसं काहीतरी.

केस? तू परवापासून तेच घेऊन बसलीयेस. केस कापले म्हणून ओळखलं नाही… बरं, असेल. तसं असेल तर किती बरं होईल. केस काय, वाढवते परत.

सरकली रांग. दोन पावलं.

आता का आले ते ऐक. हसणार नाहीस ना?… शप्पथ घे… अगं, आई गेल्यावर बाबा पहाटेच तव्यावर जायचे. मग माझा नाश्ता इथेच, शाळेत जाताना, सव्वासाताला. दादा माझी वेणी घालायचा… हो, तुझाच नवरा! आता स्वतःचा भांग धड पाडता येत नाही, पण तेव्हा माझी वेणी घालायचा. इतकी वाकडी, की पोरीची मान तिरकी आहे असं लोकांना वाटायचं. इथे टोकन देणारी एक मावशी होती, ती सगळी सोडून परत घालायची, टोकनच्या गठ्ठ्याचं रबर लावून. आणि तोवर बाबा माझं सँडविच करायचे. माझं ठरलेलं. अंडं उलटं, चीज जास्त, मिरपूड नाही, कडा काढून, चार तुकडे. शाळा संपेपर्यंत एक दिवस बदललं नाही मी. आधी सगळं चीज ओढून खायचे, म्हणून बाबा मला उंदरी म्हणायचे… हो, तेच ते. दादा अजून चिडवतो.

तर मला वाटलं, तोंडावरून ओळखत नसतील, पण हातांना आठवेल की नाही? एकतीस वर्षं ते हात तव्यावर होते गं. तो कागद उघडला, ते चार तुकडे दिसले, तर आत कुठेतरी काहीतरी… नाही का होणार?

वेडी म्हण मला, हवं तर.

डॉक्टर काय म्हणाले ते माहितीये मला. डॉक्टरांनी बाबांच्या हातचं खाल्लंय का कधी?… मग झालं तर… नाही, मी आशा लावून बसले नाहीये. म्हणजे बसलेय. थोडी. तू नको ना पाणी ओतूस त्याच्यावर. एकदा, वहिनी. एकदा नावाने हाक मारली, की जाते मी गाडीत बसून, काही मागत नाही.

हां, तो आवाज? तव्यावरचा ओरडतोय, अंडी कशी हवीत ते. "दोन पातळ, एक उलटा!" अगदी बाबांच्या सुरात ओरडतो… काय म्हणालीस? घरी ओरडतात तसंच?… कधी?… रोज सकाळी? "घरचा एक"?… अगं, मग ती बडबड नाही! तुम्ही त्याला बडबड म्हणत होतात होय! इथली पद्धत आहे ती. काउंटरवरच्या कुणाच्या घरच्या माणसासाठी सँडविच करायचं असलं, की तव्यावरचा ओरडतो, "घरचा एक!" मग ते पुडकं तव्याच्या वरच्या फळीवर ठेवायचं, उबेला. आणि काही झालं तरी दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. रांग असो, ब्रेड संपो, गिऱ्हाईक पाया पडो. घरचा म्हणजे घरचा. एकदा कोणी मोठा साहेब भांडला होता त्या पुडक्यासाठी, बाबा म्हणाले, "साहेब, माझं डोकं मागा, हे मागू नका." ते पुडकं माझंच होतं. मला रांग नाही, टोकन नाही. टाचा उंच करून हात वर केला, की फळीवरून हातात. राणी होते मी इथली.

रोज सकाळी ओरडतात म्हणजे… म्हणजे त्यांना आठवतं, वहिनी! बघ, मी म्हणत नव्हते?

थांब, आला माझा नंबर. अगं बाई… मावशी आहे गं! तीच! पार पांढरी झालीये. ठेवू नकोस हं फोन.

एक द्या हो. अंडं उलटं, चीज जास्त, मिरपूड नाही, कडा काढून, चार…

हो.

हो मावशी, मीच… अगं, तू मान तरी कुठे वर केली होतीस?… कापले गं केस, कधीच… आता कुठली वेणी… रडतेस काय, मागे लोक खोळंबलेत… बाबा ना? बरे आहेत. म्हणजे… आहेत.

वहिनी, आहेस ना? ओळखलं तिने मला! बघितलंसुद्धा नाही, नुसतं ऐकून. "कडा काढून" म्हटलं मात्र, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणते, "उंदरी?" सत्तावीस वर्षांनी, वहिनी. टोकनवाल्या मावशीने. आणि माझा बाप दोन दिवस माझ्या तोंडाकडे बघतोय… जाऊ दे. इथे नको रडायला. मागच्या बाई रुमाल काढून देतायत, शोभा नुसती.

टोकन नाही देत म्हणाली. बाजूला उभं राहायला सांगितलंय, फळीखाली. आणि… ऐकलंस? आत्ता ऐकलंस? "घरचा एक!" माझ्यासाठी ओरडला गं तो!… अगं, बाबांच्या हाताखाली शिकलेला आहे, आता टक्कल पडलंय बिचाऱ्याला. ब्रेड शेकायला टाकलासुद्धा. अंडं फोडलं. एका हाताने फोडतो, बाबांसारखं.

काय?… बाबा? कुठे?… दाराशी? चप्पल घालून?… आणि ॲप्रन कुठून मिळाला?… तुझा? तो फुलाफुलांचा?… हसत नाहीये. नाही हसत… काय म्हणतायत? तव्यावर पाळी आहे? उशीर झाला?… हात धरून ओढू नकोस, पडतील… हो, तुझ्या एकटीने नाही आवरणार, कळतंय… वहिनी, ऐक ना, ऐक. मी निघून पोचेपर्यंत अर्धा तास जाईल. तू फोन दे त्यांना… माझा आवाज नको गं, इथला आवाज ऐकू दे. तवा, ओरडा, सगळं. कानाला लाव त्यांच्या. बाकी मी बघते.

बाबा?… हॅलो, बाबा?… काउंटरवरून बोलतेय… हो, काउंटर. ऐका हं, पुढे धरते फोन… आलं ऐकू? तवाच आहे तो… तापलाय, चांगला तापलाय… नाही हो, उशीर कसला. सुरळीत चाललंय सगळं… रांग आहे ना, खांबापर्यंत… आजचाच ब्रेड आहे, कालचा नाही… हो, सांगते त्याला. अहो, लोणी कडेला नाही, मधे सोडा म्हणतायत!… सांगितलं. मान डोलावली त्याने. हात जोडतोय तुम्हाला.

तुम्ही बसा ना जरा. खुर्ची आहे मागे… हां.

फळीवर? आहे, फळीवर एक आहे. घरचा… आत्ताच ठेवला. वाफ निघतेय अजून… कसा म्हणजे?… हो, अंडं उलटं… हो! चीज जास्त!… बाबा, मी सांगितलंच नाही, तुम्हीच म्हणालात! अजून? मिरपूड नाही, बरोबर… कडा काढून… चार! हो, चार तुकडे!

कुणाचा आहे तो, बाबा?… आठवतंय ना?… सावकाश. घाई नाही.

उंदरीचा.

हो… उंदरीचाच आहे… नाही, रडत नाही, धूर आहे तव्याचा… बाबा, मीच ती. मी उंदरी बोलतेय. माझंच आहे ते, घ्यायला आलेय मी. बाबा, ऐका ना…

नाही हो, खोटं कशाला बोलू…

नाही, चिडू नका. बसा. उठू नका, बसा…

उंदरी एवढीशी आहे… हो… दुसरीत.

हो… चुकलंच माझं… घरचा कुणाला द्यायचा नसतो, माहितीये मला… हात नाही लावला. फळीवरच आहे… मावशीचं लक्ष आहे… नाही, कुणी नेत नाही.

नाही काका. तिचाच आहे. मी नाही घेत.

मी?… मी कुणी नाही, रांगेतली आहे. फोन वाजला म्हणून उचलला.

आता?… सव्वासात व्हायचेत अजून. आहे वेळ… येईल की… वेणी वाकडी… दप्तराचं एक बक्कल तुटलेलं… हो, ओळखेन मी. सांगते तिला, रस्ता पळत ओलांडू नको म्हणून… आणि नुसतं चीज खाऊ नको, ब्रेडपण खा. सांगते, काका, दोन्ही सांगते.

आई नाही तिला… हो का… गुणाची आहे… रोज येते…

रोज येते. एक दिवस चुकवत नाही.

हो काका. ऐकतेय मी. नशीबवान आहात… ठेवा ना, सूनबाईंना द्या फोन. द्या हं.

हां वहिनी… बसले?… चप्पल काढली का?… ॲप्रन राहू दे, नको सोडूस, असू दे अंगावर… दूध मागितलं? स्वतःहून?… मग दे ना, आधी दे, मी आहे फोनवर.

घेतायत?… बरं झालं.

ओळखलं का? हो, ओळखलं गं. उंदरीला ओळखलं. तिची वेणी, तिचं दप्तर, तुटलेलं बक्कलसुद्धा, जे मी विसरले होते. मला नाही. मी तिचं सँडविच लांबवायला आलेली कुणी बाई… हसत सांगतेय गं… नाही, नाही हसत.

तू रडू नकोस. तू रडलीस तर दूध कोण देईल त्यांना… मी आहे ठीक. काय वाईट बोलले ते? पोरीची वाट बघतायत, एवढंच ना. अडीच वर्षं मी आले नाही, आणि ते म्हणतात रोज येते. एक दिवस चुकवत नाही म्हणतात. आता ह्यावर मी काय बोलू सांग.

येते ना. सँडविच घेऊनच येते, खातील कदाचित… हे? नाही, हे नाही आणत. हे फळीवरच राहू दे… शब्द दिलाय मी त्यांना, कुणाला देणार नाही म्हणून… कळतंय मला, माझंच आहे. पण ते तिचं आहे, वहिनी.

एक मिनिट हं. मावशी, नको. खाली काढू नकोस, असू दे तिथेच… गार झालं तर होऊ दे… मला दुसरं घेते मी, बाबांबरोबर बसून खायला… नाही, त्याला ओरडायला सांगू नकोस. हा घरचा नाही… अगं, कुणावर रागावले नाही मी. टोकन घेते ना, सगळ्यांसारखं… मागे जाते, उभी राहते परत. ब्रेड पुरेल ना तोवर?

वहिनी, ठेवते गं. रांग पार दारापर्यंत गेलीये.